टवका उडालेला रंग

कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या एखाद्या जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या रंगाचा टवका उडाला, तर त्याची दखल सौंदर्यापेक्षा रसायनशास्त्राच्या दृष्टीने घेणे अधिक अगत्याचे होय. कारण उघड्या पोलादाला पाणी आणि प्राणवायू मिळताच जो गंज उत्पन्न होतो, तो मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापीत असल्याने भोवतालचा शाबूत रंगही आतून उचलीत जातो, आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत ही क्रिया विशेष त्वरेने घडते. गंजावर नुसती लांबी भरणे व्यर्थ, कारण ती ओलावा शोषते. वॉटर पेपरने गंज निःशेष घासावा, प्रायमर लावावा, आणि मगच रंगाचे विरळ थर एकेक वाळू देत चढवावेत. कारखान्याच्या दप्तरातली छटा हुबेहूब मिळाली, तरी सभोवतीचा रंग उन्हाने विटलेला असल्यामुळे ठिपका किंचित निराळा दिसणारच. तो खुशाल दिसू द्यावा, असे माझे मत आहे.