आजोबांची रोजनिशी

माळ्यावरील ट्रंकेत आजोबांची रोजनिशी सापडली, तर ती रद्दीत घालण्याची घाई सुज्ञ गृहिणीने करू नये. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे निवडून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा एका घराण्याच्या कागदांत केवढा इतिहास दडलेला असतो, हे सर्वांच्या प्रत्ययास आले.

आपले घराणे सरदारांचे नसेल. परंतु त्यातील जन्ममृत्यू, देणेघेणे आणि सोयरीक यांच्या नोंदी अन्यत्र कोठे मिळणार?

मात्र वाचताना त्या काळाचे भान हवे. मजकूर मोडीत असल्यास जाणत्याचे साहाय्य घ्यावे. शकात ७८ मिळवावे. वर्षाअखेरच्या महिन्यांस बहुधा ७९ मिळवावे लागतात. वाळव्याचे आजोबा ‘जिल्हा सातारा’ लिहितात, ते चुकून नव्हे. वाळवे, तासगाव हे तालुके तेव्हा साताऱ्यात होते. सांगली व मिरज ही संस्थाने होती. १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले.

१९४८ सालच्या जाळपोळीत या भागातील कित्येक ब्राह्मण घरे भस्मसात झाली. घरांबरोबर त्यांतील कागदही गेले. म्हणून जे उरले आहे, ते वाळवीच्या स्वाधीन होऊ देऊ नये. रोजनिशीतील ‘बापू’ कोण, ‘धाकटी’ कोणाची, हे आजींजवळ बसून आजच विचारावे आणि शेजारी लिहून ठेवावे. ते सांगणारे माणूस घरात नेहमीच असते असे नाही.