निवड बरोबर होती का? हिशेब मांडायचा कधी आणि कसा

शाळांच्या क्रिकेट स्पर्धांचे दिवस आले की सकाळी कुर्ला स्टेशनच्या हार्बरच्या फलाटावर पाठीवर भलीमोठी किटबॅग घेतलेली मुले दिसतात. चालली असतात आझाद मैदानाकडे. शाळेच्या संघात ती कशी आली? बहुतेक वेळा एका शनिवारी खेळाच्या शिक्षकांनी पन्नास-साठ मुलांना रांगेत उभे केले, प्रत्येकाला पाच-सहा चेंडू खेळायला दिले आणि पंधरा नावे फळ्यावर लिहिली. उरलेली मुले घरी गेली.

पुढे आठ-दहा वर्षांनी एखादा जुना विद्यार्थी नाव काढतो. मग शिक्षकांच्या खोलीत चर्चा होते, ‘‘बघा, आपली पारख बरोबर होती.’’ कधी उलटेही होते. वगळलेलाच मुलगा पुढे चमकतो आणि सर खंतावतात. केवळ क्रिकेटचा हा प्रश्न नाही. शिष्यवृत्तीच्या जादा तासाला कोण बसणार, विज्ञान प्रदर्शनाला कोण जाणार, ‘अ’ तुकडी कोणाची, अशा निवडी आपण शिक्षक दरवर्षी करत असतो. त्या बरोबर होत्या की चूक, हे नंतर ठरवायचे कसे? या प्रश्नाला विज्ञानाच्या पद्धतीने भिडता येते का, ते पाहू या.

एक प्रत्यक्ष उदाहरण

अमेरिकेत बेसबॉलचे व्यावसायिक संघ हौशी खेळाडूंना ठरावीक क्रमाने, पाळीपाळीने निवडतात. ही पद्धत तेथे १९६५ सालापासून आहे. आपल्याकडे तसेच काहीसे २००८ साली घडले. त्या वर्षी २ मार्चला भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघाने क्वालालंपूर येथे दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. आयपीएलची पहिली स्पर्धा तोंडावर आली होती. मोठ्या खेळाडूंचा लिलाव झालेला होता. या तरुण मुलांचा मात्र लिलाव झाला नाही. मोबदला आधीच ठरवून संघांना पाळीपाळीने निवड करायला सांगण्यात आले.

पहिली संधी दिल्लीच्या संघाला मिळाली. विश्वविजेत्या संघाचा कप्तान विराट कोहली दिल्लीचाच. तरीही दिल्लीने डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान याला घेतले. कोहली आणि यष्टिरक्षक श्रीवत्स गोस्वामी बंगळूरकडे गेले, रवींद्र जडेजा राजस्थानकडे, मनीष पांडे आणि सौरभ तिवारी मुंबईकडे. स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे २६२ धावा करणारा तन्मय श्रीवास्तव पंजाबकडे गेला.

आज कोणालाही विचारा, उत्तर तयार असते: ‘‘दिल्लीने घोडचूक केली!’’ पण थोडे थांबू या.

पहिल्या वर्षाचा निकाल

समजा, आपण हा हिशेब २००८ च्या जूनमध्येच मांडला असता. कोहलीने त्या पहिल्या स्पर्धेत १३ सामन्यांत १६५ धावा केल्या, सरासरी १५. एकोणीस वर्षांखालील सर्वोत्तम खेळाडूचे बक्षीस गोस्वामीला मिळाले. दिल्लीचा संघ उपांत्य फेरीत पोचला, बंगळूरचा संघ आठांत सातवा आला. म्हणजे त्या वेळी निकाल असा लागला असता: दिल्लीचे ठीक चालले आहे, बंगळूरची एक निवड उत्तम, दुसरी बेताची. आणि ती बेताची निवड म्हणजे विराट कोहली!

आणखी एक वर्ष जाऊ द्या. २००९ साली आयपीएलमध्ये शतक काढणारा पहिला भारतीय फलंदाज ठरला मनीष पांडे. त्याला निवडले होते मुंबईने, पण शतक काढले तेव्हा तो बंगळूरकडून खेळत होता. मग या निवडीचे श्रेय कोणाच्या खात्यात लिहायचे?

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २०११ च्या मोठ्या लिलावाआधी बंगळूरने एकाच खेळाडूला आपल्याकडे ठेवले, तो कोहली. २०१६ साली त्याने एकाच स्पर्धेत ९७३ धावा केल्या. २०२५ साली बंगळूरने पहिल्यांदा विजेतेपद मिळवले, तेव्हाही तो त्याच संघात होता. त्या विश्वविजेत्या मुलांपैकी कोहली, जडेजा, पांडे, तिवारी आणि सिद्धार्थ कौल असे पाच जण भारताच्या मुख्य संघाकडून खेळले. सर्वाधिक धावा करणारा श्रीवास्तव त्यांत नव्हता. मात्र २०२५ च्या आयपीएलमध्ये तो पंच म्हणून उभा राहिला.

एकच निवड, पण १ वर्षानंतर, ३ वर्षांनंतर आणि १७ वर्षांनंतर हिशेब वेगवेगळा येतो. तेव्हा पहिला धडा असा: मोजमाप कधी केले हे सांगितल्याशिवाय निकाल सांगू नये.

निर्णय आणि परिणाम

दुसरा धडा जरा अवघड आहे. दिल्लीच्या संघात तेव्हा सेहवाग, गंभीर, धवन, डिव्हिलियर्स असे फलंदाज होते. गरज होती ती गोलंदाजाची. हाती असलेल्या माहितीवरून त्यांनी घेतलेला निर्णय अडाणीपणाचा नव्हता. परिणाम मात्र त्यांच्या बाजूने गेला नाही.

आपण परिणाम पाहून निर्णयाला गुण देतो. आकाश निरभ्र असताना छत्री न घेता बाहेर पडलो आणि अवचित पाऊस आला, तर आपण भिजतो. पण म्हणून निर्णय मूर्खपणाचा होता असे नाही. उलट, डोळे मिटून रस्ता ओलांडणारा सुखरूप पलीकडे पोचला, तर त्याचा निर्णय शहाणपणाचा ठरत नाही. निकाल कळल्यावर ‘हे तर आधीच दिसत होते’ असे वाटणे हा मनाचा स्वभावच आहे. त्यावर एकच उपाय आहे: निवड करतानाच तिची कारणे लिहून ठेवणे.

वर्गात करून बघा

निवडीत नशिबाचा वाटा किती असतो? सांगून पटत नाही. करून पाहिले की पटते. वर्गातील ३६ मुले घ्या. ३६ चिठ्ठ्या तयार करा: १ ते ६ हे आकडे, प्रत्येक आकड्याच्या सहा चिठ्ठ्या. प्रत्येक मुलाने एक चिठ्ठी उचलावी आणि कोणाला दाखवू नये. हे झाले त्याचे अंगचे कसब. आता प्रत्येकाने एकदा फासा टाकावा. हे झाले त्या दिवसाचे नशीब. दोन्हींची बेरीज म्हणजे निवड चाचणीतले गुण. निवड करणाऱ्याला फक्त बेरीज सांगायची.

ज्यांची बेरीज १० किंवा अधिक, त्यांना संघात घ्या. सरासरीने अशी सहा मुले निघतील. आता चिठ्ठ्या उघडा. हिशेब केला तर असे दिसते की या सहांत ६ ची चिठ्ठी असलेली तीन मुले असतील, ५ ची दोन आणि ४ ची एक. वर्गात ६ ची चिठ्ठी असलेली मुले एकूण सहा होती. म्हणजे सर्वांत गुणी सहांपैकी तिघे बाहेर राहिले! चूक कोणाचीच नाही. त्यांचा फासा त्या दिवशी १, २ किंवा ३ पडला, इतकेच. प्रत्यक्ष खेळात आकडे थोडे मागेपुढे होतील. प्रयोग चार-पाच वेळा केला तर या हिशेबाच्या जवळ येतील.

आता निवडलेल्या सहांना पुन्हा फासा टाकू द्या. चिठ्ठी तीच, फासा नवा. पहिल्या वेळी त्यांच्या बेरजेची सरासरी सुमारे १०.७ असेल, दुसऱ्या वेळी ती ८.८ च्या आसपास येईल. मुले आळशी झाली का? डोक्यात हवा गेली का? नाही. पहिल्या वेळी निवडले गेलेले बहुतेक जण त्या दिवशी नशीबवानही होते. तेवढे नशीब पुन्हा येत नाही. याला सरासरीकडे परतणे म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करून हे दाखवले. खूप उंच आईवडिलांची मुले उंच असतात, पण सरासरीने पाहता आईवडिलांइतकी नाही.

सहामाहीत पहिला आलेला वार्षिक परीक्षेत चौथा आला की आपण त्याला बोल लावतो. त्याआधी हा फासा आठवावा.

तुलना कोणाशी?

बेसबॉलमध्ये एखाद्या वर्षीच्या निवडीचा हिशेब काही वर्षांनी मांडताना केवळ ‘किती जण मोठे झाले’ एवढे मोजून भागत नाही. पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या खेळाडूकडून जी अपेक्षा, ती शंभराव्या क्रमांकावरच्याकडून नसते. म्हणून आजवर त्या त्या क्रमांकावर निवडलेले खेळाडू सरासरीने किती उपयोगी पडले ते पाहून तुलना करतात. तरीही अपवाद निघतातच. माइक पियाझा १९८८ साली ६२ व्या फेरीत निवडला गेला आणि २०१६ साली बेसबॉलच्या मानवंदना सभागृहात त्याचा समावेश झाला.

दुसरी अडचण अशी. ज्याला निवडले त्याला बॅट मिळते, मार्गदर्शन मिळते, सामने मिळतात. ज्याला वगळले त्याला यातले काहीच मिळत नाही. पाच वर्षांनी पहिला पुढे गेलेला दिसला, तर ती आपली पारख की आपण दिलेली संधी? न निवडलेल्यांची नोंदच नसेल, तर हे कधीच कळणार नाही.

यात वयाचीही भर पडते. चौदा वर्षांखालील संघात ठरावीक तारखेनंतर लगेच जन्मलेला मुलगा, तारखेच्या जरा आधी जन्मलेल्यापेक्षा अकरा-बारा महिन्यांनी मोठा असतो; तरी दोघांची गणना एकाच गटात होते. कॅनडात बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली बर्फावरील हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या खूपच जास्त निघाली, कारण तेथे वयाची गणना १ जानेवारीपासून होत होती. निवडणाऱ्यांना वाटत होते की आपण गुण पाहतो आहोत; काही अंशी ते वाढलेली उंची पाहत होते.

आझाद मैदान ते नेरूळ

आता पुन्हा आपल्या मुंबईकडे येऊ. फेब्रुवारी १९८८. आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा उपांत्य सामना. शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी सेंट झेविअर्सविरुद्ध ६६४ धावांची अखंड भागी केली. ही गोष्ट सर्वांना पाठ आहे. त्याच सामन्यातले आणखी दोघे पाहू. सेंट झेविअर्सकडून गोलंदाजी करणाऱ्या साईराज बहुतुले याने १८२ धावा दिल्या आणि एकही बळी मिळवला नाही. त्या दिवशी संघनिवड झाली असती तर त्याचे नाव कोणी घेतले असते? पुढे तो भारताकडून कसोटी खेळला आणि प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्याने ६०० हून अधिक बळी घेतले.

दुसरा मुलगा शारदाश्रमचाच. पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसला होता. पाळी आलीच नाही. त्याचे नाव अमोल मुझुमदार. १९९४ साली मुंबईकडून रणजी पदार्पणात त्याने २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा काढल्या, पण भारताच्या संघात त्याची निवड कधीच झाली नाही. ‘भारताकडून किती सामने’ या मापाने त्याच्या खात्यात शून्य.

हिशेब तेथे बंद केला असता तर? २ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरूळच्या मैदानावर भारतीय महिलांच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. कुर्ल्याच्या हार्बर फलाटावरून एका बाजूला आझाद मैदान आणि दुसऱ्या बाजूला नेरूळ. गाडीने हे अंतर तासा-सव्वा तासाचे. त्याला लागली सदतीस वर्षे.

मग आपण काय करावे?

निवड टाळता येत नाही. पंधराच जागा असतील तर पंधराच मुले घ्यावी लागतात. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत. एकाच दिवसावर निवड करू नये. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी पाहावे, म्हणजे फाशाचा प्रभाव कमी होतो. यादी करताना जन्मतारखेचा रकाना ठेवावा. प्रत्येक नावापुढे निवडण्याचे किंवा वगळण्याचे कारण एका ओळीत लिहावे. वगळलेल्यांची यादीही जपून ठेवावी आणि सहा महिन्यांनी त्यांना पुन्हा बोलवावे.

अशी एक वही पाच-सात वर्षे चालवली, तर आपल्या पारखीत खरोखर किती तथ्य आहे ते आपले आपल्याला दिसेल. आमचा अंदाज आहे की बहुतेकांना ते वाटले होते त्यापेक्षा कमी दिसेल. त्यात ओशाळण्यासारखे काही नाही. आपल्याला नीट ओळखता येत नाही हे एकदा कळले, की फळ्यावर नाव न आलेल्या मुलाला ‘‘पुढच्या शनिवारी पुन्हा ये’’ असे सांगणे सोपे जाते.