रेशीम संगोपन : दोन बॅचमधील रिकामे दिवस



नोकरदाराला रोज हजेरीपटावर सही करावी लागते. स्वतःच्या शेडमध्ये रेशीम कीटक पाळणाऱ्याला हजेरी मागणारे कोणी नसते. एखाद्या दिवशी पाला उशिरा पडला, तर जाब विचारायला साहेब येत नाही; नुकसान मात्र पुढे कोषांच्या वजनात दिसते. तुतीची लागवड कशी करावी, संगोपनगृह कसे बांधावे, याची माहिती आता सहज मिळते. पहिल्या वर्षाचा हुरूप तिसऱ्या वर्षापर्यंत कसा टिकवावा, याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. संगोपन बंद केलेल्या शेतकऱ्यांशी बोलताना 'जमले नाही' यापेक्षा 'मन उडाले' हे उत्तर मला अधिक वेळा मिळाले आहे.

ढिलाई केव्हा येते?

बॅच चालू असताना उत्साह सहसा कमी पडत नाही. दुसरी कात टाकलेले कीटक चॉकी केंद्रातून आणले, की घरादाराचे लक्ष शेडकडे लागते. एकूण पाल्यापैकी सुमारे ८० ते ८५ टक्के पाला कीटक पाचव्या अवस्थेत खातात. त्या सात-आठ दिवसांत फांद्या तोडता तोडता दिवस मावळतो. तेव्हा कामच माणसाला धरून ठेवते. खरी ढिलाई येते ती कोष विकून पैसे हाती आल्यावर. शेड रिकामे असते, घाई कसलीच नसते आणि गावातील लग्ने, उसनवारी, नवनवीन धंद्यांच्या गप्पा याच दिवसांत सुचतात.

माझ्या थोरल्या भावाचे उदाहरण देतो. त्यांच्या पहिल्या तीन बॅच उत्तम गेल्या. चौथ्या बॅचपूर्वी घरात लग्नकार्य होते. शेड दिसायला स्वच्छ होते, म्हणून निर्जंतुकीकरण राहून गेले. पाचव्या अवस्थेत कीटक फुगले, रॅकच्या कडेने अस्वस्थपणे फिरू लागले व त्यांच्या अंगातून दुधासारखा द्रव गळू लागला. ही ग्रासरीची लक्षणे. बॅच हातची गेली. नुकसान एका बॅचचेच होते. पण पुढचे सात महिने त्या शेडमध्ये सोयाबीनची पोती पडून राहिली. मी स्वतः कृषी पदवीधर असूनही तेव्हा त्यांना औषधांची नावेच सांगत बसलो. विचारायला हवे होते, ते पुढची छाटणी कोणत्या तारखेला आहे, हे.

काम तारखेला बांधावे

तुतीचे झाड आपल्या मनःस्थितीची वाट पाहत नाही. छाटणीनंतर ४५ ते ६० दिवसांत पाला संगोपनायोग्य होतो. त्यापुढे तो जून होत जातो. म्हणून छाटणीच्या दिवशीच पुढील सर्व तारखा शेडच्या भिंतीवर लिहाव्यात : अंडीपुंजांची मागणी नोंदविणे, शेड धुणे, निर्जंतुकीकरण आणि चॉकी आणणे. तुतीचे दोन भाग करून छाटणी आलटून-पालटून केल्यास रिकामे दिवसही कमी होतात.

कोष काढताच एकदा व पुढची बॅच येण्यापूर्वी तीन-चार दिवस पुन्हा एकदा निर्जंतुकीकरण करावे. त्यासाठी १०० लिटर पाण्यात २ किलो ब्लीचिंग पावडर व ३०० ग्रॅम विरलेला चुना मिसळून भिंती, जमीन, रॅक व साहित्य ओले होईपर्यंत फवारावे. नाकातोंडाला फडके बांधावे. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याचे कौतुक कोणी करीत नाही, हे मान्य आहे.

भाव आणि आपला आकडा

रामनगरच्या बाजारात किंवा २०१८ पासून सुरू झालेल्या जालन्याच्या कोष बाजारात दर लिलावाने ठरतो. रोज फोन करून दर विचारणाऱ्याचे मन दराबरोबरच वर-खाली होते. त्यापेक्षा १०० अंडीपुंजांमागे आपल्याला किती किलो कोष मिळाले, हा आकडा प्रत्येक बॅचला वहीत लिहावा. ६० ते ७० किलो हे चांगले उत्पादन समजावे. २५० अंडीपुंजांच्या बॅचमध्ये ६० किलोच्या हिशेबाने १५० किलो कोष होतात, तर ४० किलोच्या हिशेबाने १००. हा ५० किलोंचा फरक पाला, तापमान, ओलावा व स्वच्छता यांतून पडतो. त्यातील बहुतेक गोष्टी आपल्या हातातील असतात.

बॅच फसल्यास रोगट कीटक उकिरड्यावर टाकू नयेत. चुना टाकून खोल पुरावेत किंवा जाळावेत. पुढची बॅच टाळू नये, मात्र लहान घ्यावी. नीट सांभाळलेली तुतीची बाग १२ ते १५ वर्षे पाला देते. एका बॅचच्या रागाने ती नांगरून टाकणे परवडणारे नाही.

भावाने पुन्हा सुरुवात केली ती १०० अंडीपुंजांवर. त्या बॅचला ५४ किलो कोष निघाले. वही आता वहिनी लिहितात. पाला टाकण्याचे निम्म्याहून अधिक काम पहिल्यापासून त्याच करीत होत्या. शेड धुतल्याची तारीख वहीत पडल्याशिवाय त्या चॉकीचे पैसे भरू देत नाहीत.