आरोग्याचा हिशेब: किती आणि कोणाला?

गरीब देशाच्या तिजोरीत पैसा थोडा आणि दुखणी फार. तेव्हा कोणत्या उपचाराने दर रुपयामागे जास्तीत जास्त निरोगी आयुष्य पदरात पडते, हे पाहणे अर्थशास्त्राचे कर्तव्यच आहे. परंतु हा हिशेब ‘किती?’ एवढेच विचारतो, ‘कोणाला?’ हे विचारीत नाही. माझ्या मते खरी मेख येथेच आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ठरावीक रकमेत शहरातील १,००० बालकांना लस टोचता येते. तीच रक्कम डोंगरातील वाड्यांवर नेली, तर वाहतुकीचा खर्च वजा जाता ६०० बालकांनाच पुरते. नुसत्या बेरजेत शहर जिंकते. वाडीवरचे मूल आधीच अशक्त आहे, त्याला दवाखानाही दूर आहे, या गोष्टी त्या बेरजेत दिसत नाहीत.

थायलंडचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथे २००२ साली सर्वांसाठी आरोग्ययोजना आली. मात्र मूत्रपिंडे निकामी झालेल्यांचे डायलिसिस तीतून वगळले होते. खर्चाच्या मानाने लाभ थोडा, हा हिशेब चूक नव्हता. पण सरकारी नोकरांना आणि कंपन्यांतील कामगारांना त्यांच्या वेगळ्या योजनांतून तोच उपचार मिळत होता. वंचित राहिला तो शेतकरी आणि रोजंदारीवरचा मजूर. उपचारापायी कुटुंबे कर्जात बुडत होती. अखेर २००८ साली डायलिसिस योजनेत घेतले गेले. खेड्यातील रुग्णाला घरीच करता यावे म्हणून पोटातील पडद्यामार्फत रक्तशुद्धी करण्याच्या पद्धतीला अग्रक्रम दिला गेला. हा दंडक २०२२ साली सैल झाला.

यावर कोणी म्हणेल, मग हिशेब हवाच कशाला? मला तसे वाटत नाही. डायलिसिसला दिलेला पैसा दुसऱ्या कोणाच्या तरी उपचारातून कमी होतो, आणि तो दुसराही गरीबच असू शकतो. म्हणून केवळ कळवळा पुरत नाही. आता काही अर्थशास्त्रज्ञ एकूण लाभाची उत्पन्नगटांनुसार फोड करतात; कोणत्या थराला किती आरोग्य मिळाले, किती कुटुंबे कर्जापासून वाचली, हे वेगळे दाखवतात. त्यामुळे न्यायासाठी एकूण लाभातील किती वाटा सोडावा लागतो, हे उघड होते.

तो वाटा सोडायचा की नाही, हे मात्र आकडे सांगणार नाहीत. ते समाजानेच ठरवायचे आहे. विद्यार्थिमित्रांनो, यापुढे एखाद्या योजनेची सरासरी वाचाल, तेव्हा ती कोणाची सरासरी आहे, एवढे अवश्य विचारा.