खलनायकासाठी डोळे पाणावतात तेव्हा



धानाची मळणी उरकली की आपल्या झाडीपट्टीत नाटकांचे दिवस येतात. वडशाच्या नाटक मंडळ्या चंद्रपूर-गडचिरोलीतील गावोगाव फिरतात. मंडई किंवा शंकरपट असला की रात्री मंडपात खेळ रंगतो, तो थेट पहाटेपर्यंत. (याच रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.) कथेत दुष्ट सावकार किंवा पाटील पुष्कळदा असतोच. मध्यरात्री ज्याला आपण शिव्या घालतो, त्याच्यासाठीच पहाटे घरची म्हातारी पदराने डोळे पुसते. असे का व्हावे?

मला याचे उत्तर १९७५ च्या 'सामना' चित्रपटात सापडले. लेखन विजय तेंडुलकरांचे, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेलांचे. हिंदुराव धोंडे-पाटील हा साखरसम्राट, सारे गाव त्याच्या मुठीत. एका दारुड्या मास्तराला तो घरी आणून सांभाळतो. डॉ. श्रीराम लागूंनी केलेला हा मास्तर मात्र नाहीशा झालेल्या मारुती कांबळेची चौकशी काही सोडत नाही. हिंदुरावाचा डोलारा ढासळू लागतो आणि ज्याचा संताप यायचा त्याची कीव येऊ लागते.

हा हिंदुराव केला निळू फुले यांनी. पडद्यावरचा हा पाटील उमेदीच्या काळात पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत होता, राष्ट्र सेवा दलाचा कार्यकर्ता होता! तरी खेड्यातील बाया त्यांना खराच दुष्ट समजत.

पीक पिवळे पडले तर आम्ही शेतीखात्याची माणसे पानाला दोष देत नाही, रोप उपटून मूळ पाहतो. चांगला लेखक खलनायकाचे तेच करतो. त्याच्या पोटातली भीती दिसली की तो आपल्यातलाच एक वाटतो. नुसते शेवटच्या अंकात पाया पडायला लावणारे नाटककार मला पटत नाहीत. ते म्हणजे कापणीला आलेल्या धानाला युरिया देणे.

पण मारुती कांबळेच्या घरच्यांसाठी किती जण रडले? पुढच्या मंडईचे नाटक पाहून आलात की सकाळी पोरांना एवढे विचारा : सावकार रडला खरा, पण त्याने बळकावलेली बांधी परत केली का?