पीएम मित्र पार्क : कापसापासून कपड्यापर्यंत एकाच आवारात

आपल्या देशात कापूस प्रामुख्याने गुजरात व महाराष्ट्रात पिकतो, सूतकताई तमिळनाडूत होते, कापडावरील प्रक्रिया राजस्थान व गुजरातमध्ये होते आणि कपडे बंगळूरू, कोलकाता व दिल्ली परिसरात शिवले जातात. प्रत्येक टप्प्यावर वाहतूक खर्च वाढतो आणि माल महाग होतो. हे सर्व टप्पे एकाच ठिकाणी आणणे हा पीएम मित्र पार्कचा उद्देश आहे.

पार्क कोठे आहेत?
केंद्र सरकारने २०२१ मध्ये ४,४४५ कोटी रुपयांच्या या योजनेला मंजुरी दिली. त्यासाठी सात ठिकाणे निवडली आहेत : अमरावती (महाराष्ट्र), नवसारी (गुजरात), धार (मध्य प्रदेश), कलबुर्गी (कर्नाटक), वरंगळ (तेलंगणा), विरुधुनगर (तमिळनाडू) आणि लखनौ (उत्तर प्रदेश).

आखणी कशी असते?
• राज्य सरकार किमान १,००० एकर सलग जमीन देते.
• रस्ते, वीज, पाणी व तयार गाळे यांची सोय केली जाते.
• रंगकामाच्या सांडपाण्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्र असते. स्वतंत्र केंद्र बांधणे न परवडणाऱ्या लहान उद्योजकांना याचा विशेष उपयोग होतो.
• कामगारांसाठी वसतिगृह, आरोग्य सुविधा व प्रशिक्षण यांचीही तरतूद असते.

तुम्हाला काय लाभ होऊ शकतो?
प्रत्येक पार्कमधून सुमारे १ लाख थेट व २ लाख अप्रत्यक्ष रोजगार अपेक्षित आहेत. कापूस उत्पादकाला जवळ ग्राहक मिळू शकतो. शिलाई किंवा यंत्रमागाचे काम येणाऱ्यांना गाव न सोडता काम मिळण्याची शक्यता वाढते. मात्र कारखाने टप्प्याटप्प्याने सुरू होतात. त्यामुळे सर्व नोकऱ्या एकाच वेळी निघत नाहीत.

हे लक्षात ठेवा
या योजनेचा निधी पायाभूत सुविधांसाठी आणि उद्योगांना प्रोत्साहन देण्यासाठी आहे. तुमच्या बँक खात्यात यातून थेट रक्कम जमा होत नाही. ‘पार्कमध्ये नोकरी लावून देतो’ किंवा ‘लाभार्थी यादीत नाव घालतो’ असे सांगून कोणी पैसे मागितल्यास देऊ नका. आधार क्रमांक व ओटीपी कोणालाही सांगू नका.

काम मिळाल्यास नियुक्तिपत्र मागून घ्या. वेतनातून भविष्य निर्वाह निधीची कपात होत असल्यास आपला यूएएन क्रमांक घ्या आणि रक्कम खात्यात जमा होते का, हे वेळोवेळी तपासा.