आवाजाशी इमान

मराठीत रुळलेल्या दोन शब्दांचं नशीब मोठं गमतीचं आहे. पहिला शब्द ‘हायफाय’. आपण हायफाय हॉटेल म्हणतो, हायफाय माणसं म्हणतो. अर्थ काय, तर भपकेबाज. दुसरा शब्द ‘डॉल्बी’. आमच्या हातकणंगल्यात, किंबहुना कोल्हापूर, सांगली, सातारा या सगळ्या पट्ट्यात डॉल्बी म्हणजे मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. घराची तावदानं थरथरली की समजावं, डॉल्बी आला. मूळ अर्थ मात्र नेमके उलटे आहेत. हायफाय म्हणजे ‘हाय फिडेलिटी’, मूळ आवाजाशी राखलेलं इमान. आणि डॉल्बी हे एका अमेरिकन अभियंत्याचं आडनाव. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये कंपनी काढली ती आवाजातली खरखर घालवण्यासाठी!

हे शब्द असे का उलटले? घरात शांत बसून उत्तम आवाज ऐकण्याचा एक छंद होता. तो कसा वाढला आणि कसा ओसरला, यात त्याचं उत्तर आहे.

आपला मुलूख मुळात ऐकणाऱ्यांचा. कोल्हापूर दरबारी अल्लादिया खाँ होते, मिरजेत अब्दुल करीम खाँ राहिले, आमच्याच तालुक्यातल्या इचलकरंजीचं नाव बाळकृष्णबुवांनी गाण्यात अजरामर केलं. पण मैफल ऐकायला मिळायची ती थोड्यांना. भारतात १९०२ साली ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि गाणं तबकडीवरून घरात आलं. लाखेची ती तबकडी मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं वाजायची. तासभर रंगणारा राग त्या चिमटीत बसवावा लागे. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची अशीच साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली.

१९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले तबकडी आली. आता एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक गाणं मावू लागलं. पाठोपाठ १९५७-५८ मध्ये स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. आपण दोन कानांनी ऐकतो, म्हणून आवाज कुठून येतो ते कळतं. स्टिरिओत दोन स्पीकरमधून थोडे वेगळे आवाज येतात. त्या दोन स्पीकरपासून सारख्या अंतरावर, त्रिकोणाच्या तिसऱ्या टोकाला बसलं, की गायिका मधोमध बसली आहे आणि तबला एका अंगाला आहे, असा भास होतो. या भासासाठीच छंदिष्ट माणसं जिवाचा आटापिटा करत.

आपल्याकडे हा छंद स्वस्त कधीच नव्हता. १९९१ पूर्वी परदेशी यंत्रांवर निर्बंध होते, जकात जबर होती. म्हणून मग कुणी आखातातून येणाऱ्या नातेवाइकाकडे डोळे लावून बसे, तर कुणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून अ‍ॅम्प्लिफायर स्वतः जोडे. सुताराकडून स्पीकरची पेटी करून घ्यायची, आत कापूस भरायचा, पुन्हा ऐकायचं, पुन्हा उघडायचं. या खटाटोपात पैशापेक्षा कान जास्त लागत.

मग कॅसेट घरोघरी पोचली. तिची फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद आणि सावकाश फिरणारी, त्यामुळे गाण्यामागे सतत ‘स्स्स’ असा आवाज येई. इथं डॉल्बींची युक्ती कामी आली. मुद्रण करताना हळू आणि बारीक स्वर मुद्दाम थोडे वाढवायचे, आणि वाजवताना तेवढेच उतरवायचे. स्वर मूळ पातळीवर येतात आणि त्यांच्याबरोबर फितीची खरखरही खाली दबते. कॅसेट डेकवर ‘डॉल्बी’ लिहिलेलं असणं म्हणूनच चांगल्या यंत्राची खूण ठरलं. पुढे ते नाव चित्रपटगृहांतल्या दणदणीत आवाजाला चिकटलं आणि तिथून थेट ट्रॉलीवर चढलं.

छंद ओसरला तो नेमका यंत्रं सुलभ झाल्यावर. १९८२ मध्ये जपानात विक्रीला आलेली सीडी हळूहळू आपल्याकडेही पोचली आणि खरखर संपली. नव्वदच्या दशकात बैठकीच्या खोलीतली मानाची भिंत टीव्हीनं घेतली. मग एमपीथ्री आलं. कानाला सहसा जाणवणार नाहीत असे तपशील वगळून गाणं खिशात मावेल एवढं लहान झालं. त्यात वाईट काही नाही. आजचा साधा फोन आणि बरे इअरफोन त्या काळच्या कित्येक घरगुती यंत्रांहून स्वच्छ वाजतात. उलट महागड्या यंत्रांचे काही शौकीन गाणं सोडून तारा आणि बटणंच ऐकत बसतात, हेही खरं.

तबकडीला पुन्हा दिवस आलेत. अमेरिकेत २०२२ मध्ये सीडीपेक्षा तबकड्या जास्त विकल्या गेल्या. तसं तिथं १९८७ नंतर प्रथमच घडलं. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सनं जुन्या तबकड्यांच्या अभ्यासाचा वसा घेतला. पण हा शौक आता मोजक्यांचा आहे.

म्हणजे यंत्रं गेली याचं दुःख नाही. गेली ती मधली जागा. एकीकडे आवाज रस्त्यावर अंगावर येतो, दुसरीकडे तो ज्याच्या-त्याच्या कानात कोंडलेला असतो. चार माणसांनी एका खोलीत गप्प बसून एकच गाणं ऐकायचं, ती सवय सुटली. आणि कानांचं काय? नियमाप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा. दर १० डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते, हे ध्यानात घेतलं की डॉल्बीपुढे नाचणाऱ्या पोरांची काळजी वाटते. इचलकरंजीत यंत्रमागांच्या खडखडाटात काम करणाऱ्यांना विचारा. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

मी कविता लिहितो. कवितेत दोन शब्दांमधल्या विरामालाही अर्थ असतो आणि तो ऐकू येण्यासाठी भोवती थोडी शांतता लागते. त्यासाठी लाखाचं यंत्र नको. आठवड्यातून एकदा टीव्ही बंद करावा, फोन बाजूला ठेवावा, घरातल्यांना जवळ बसवावं आणि एक राग सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावा. आवाज इतकाच ठेवावा, की तानपुरा ऐकायला कान पुढे करावे लागतील.